दोन रकान्यांची वही: परक्या मनांच्या कादंबऱ्या कशा वाचाव्यात

'सोलारिस' ही स्तानिस्लाव लेमची विज्ञान कादंबरी मी दोनदा अर्ध्यावर सोडली. दोन्ही वेळा जवळपास त्याच ठिकाणी. नायक अंतराळस्थानकाच्या ग्रंथालयात जातो, कपाटातून जाडजूड ग्रंथ काढतो आणि पुढची कित्येक पानं शंभरेक वर्षांच्या संशोधनाचा इतिहास सुरू राहतो. एलियन भेटणार म्हणून बसलो होतो, आणि समोर आली कुणाच्या तरी पीएच.डी.ची संदर्भसूची. तिसऱ्या वेळी शेजारी एक वही ठेवली, आणि तेच प्रकरण सगळ्यात जास्त रंगलं.

खरोखर परकं मन कल्पून लिहिलेल्या विज्ञान कादंबऱ्या कुठून सुरू कराव्यात, कोणत्या क्रमाने घ्याव्यात, कोणता अनुवाद उचलावा आणि अडलं की काय करावं, हे या लेखात सांगतो. बहुतेक पुस्तकं इंग्रजीतच वाचावी लागतील. कथानकं अधूनमधून फुटतील, पण या जातीच्या कादंबऱ्यांत 'शेवटी काय झालं' हे कळून फारसं काही बिघडत नाही.

आधी गाळणी

विज्ञानकथांतले बहुतेक एलियन मुखवटा चढवलेली माणसंच असतात. कुणी लढवय्या जमात, कुणी शहाणे आजोबा, कुणी हिशेबी व्यापारी. यात वाईट काही नाही, पण आपल्याला ते नको आहेत. गाळणी सोपी आहे: एलियनच्या जागी दुसऱ्या देशाचं सैन्य ठेवून बघा. गोष्ट तशीच चालली तर पुस्तक बाजूला ठेवा. एच. जी. वेल्सच्या १८९८ सालच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मधले मंगळवासी दिसायला कितीही किळसवाणे असले तरी त्यांना हवी आहे जमीन. वेल्सने हे लपवलेलंही नाही. पहिल्याच प्रकरणात तो टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचा युरोपीय लोकांनी केलेला संहार आठवून देतो. म्हणजे मंगळवासी हे इंग्रजांनाच दाखवलेलं इंग्रजांचं रूप. कादंबरी थोर आहे, पण या यादीत बसत नाही.

वही

साधी दोनशे पानी वही चालते. पानाच्या मधोमध रेघ मारा. डाव्या रकान्यात 'घडलं ते': एलियनने प्रत्यक्ष काय केलं, तेवढंच. उजव्या रकान्यात 'लावलेला अर्थ': कुणी लावला, त्याचं नाव आणि त्याचा पेशा. समासात बारीक अक्षरात 'सोय' असं लिहून एक खूण, म्हणजे जिथे लेखकाने गोष्ट पुढे ढकलण्यासाठी परकेपणाला मुरड घातली आहे अशा जागा.

हा खटाटोप कशासाठी? या कादंबऱ्यांत एलियनचं मन थेट दिसतच नाही. दिसतात त्या माणसांच्या चुका. भौतिकशास्त्रज्ञ एका बाजूने चुकतो, सैनिक दुसऱ्या बाजूने, भाषातज्ज्ञ तिसऱ्या. चांगल्या लेखकाने या चुका अशा रचलेल्या असतात की त्या सगळ्यांच्या मधोमध एक मोकळी जागा राहते, आणि वाचकाला त्या मनाचा जो काही अंदाज येतो तो तिथून येतो. घाईत वाचताना दोन्ही रकाने एकमेकांत मिसळतात. नायकाने काढलेला निष्कर्ष आपण घडलेली गोष्ट समजून बसतो.

पहिली पायरी: एका बैठकीची कथा

एकदम कादंबरी नको. टेड चँगची १९९८ सालची 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' ही दीर्घकथा घ्या, रविवारच्या एका दुपारी होते. डॉ. लुईस बँक्स ही भाषाशास्त्रज्ञ हेप्टापॉड नावाच्या सात पायांच्या जीवांची भाषा शिकते.

कथेचा खिळा भौतिकशास्त्रात आहे, म्हणून तेवढं आधी समजून घ्या. जुहूच्या वाळूत तुम्ही उभे आहात आणि तिरक्या दिशेला पाण्यात कुणी बुडतंय. सरळ रेषेत गेलात तर पोहावं जास्त लागेल, आणि पोहणं धावण्यापेक्षा हळू. म्हणून वाळूवर थोडं जास्त धावायचं आणि मग पाण्यात शिरायचं, म्हणजे लवकर पोचता. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो तो नेमका याच हिशेबाने, आणि सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने तो मांडला: प्रकाश कमीत कमी वेळेचा रस्ता घेतो. आता गंमत बघा. सगळ्यात कमी वेळेचा रस्ता निवडायचा तर पोचायचं कुठे हे निघण्याआधीच ठाऊक हवं. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण आपण कारण आधी आणि परिणाम नंतर अशा क्रमाने विचार करतो. हेप्टापॉडना तेच सहज आहे. त्यांच्या लिपीत पहिली रेघ पुढच्या अनेक उपवाक्यांतून फिरत जाते, म्हणजे अख्खं वाक्य ठरल्याशिवाय पहिली रेघ ओढताच येत नाही.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत थांबावं लागतं. पण बोलणारा मात्र समोरच्याचा चेहरा बघून मधेच 'देतो'चं 'देईन म्हणत होतो' करू शकतो. हेप्टापॉडला ती पळवाट नाही. कथेत आई आपल्या मुलीबद्दल जे काळ उलटेपालटे वापरते ते याच अंगाने वाचा. २०१६ सालचा 'अरायव्हल' हा सिनेमा यावरूनच केला आहे, पण तो नंतर बघा. सिनेमात फर्मा जवळजवळ गळाला आहे, आणि वहीत उतरवण्याजोगं निम्मं त्याच्यासोबत गेलं.

दुसरी पायरी: मनाआधी शरीर

आता कादंबरी. सुरुवात करा एड्रियन चायकॉव्स्कीच्या 'चिल्ड्रन ऑफ टाइम'पासून (२०१५, पुढच्या वर्षीचा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार). जाड आहे पण पळते. एका ग्रहावर माकडांना बुद्धिमान करण्यासाठी बनवलेला विषाणू माकडांऐवजी पोर्शिया जातीच्या कोळ्यांना लागतो, आणि हजारो वर्षांत त्यांची संस्कृती उभी राहते.

वाचायला बसण्यापूर्वी घरातल्या भिंतीवरचा उड्या मारणारा कोळी शोधा. जाळं न विणणारा, छोटा, केसाळ, झटक्याने चालणारा. त्याच्यासमोर हळूच बोट न्या. तो वळून तुमच्याकडे बघतो, पुढचे दोन मोठे डोळे रोखून. पोर्शिया याच कुळातली. भक्ष्यापर्यंत जायला ती लांबचा वळसा घेते, वाटेत भक्ष्य दिसेनासं झालं तरी. म्हणजे लेखकाने बीज हवेतून काढलेलं नाही.

या पुस्तकासाठी वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या पुस्तकांना ते लागू पडतात. या जीवाला जग कशातून कळतं? त्याच्या विचाराचा वेग किती? तो एक आहे की अनेक? आणि तो मेला की काय उरतं? इथे उत्तरं अशी येतात: जग कळतं तारांच्या थरथरीतून, म्हणून बोलणं म्हणजे पाय आपटणं आणि जाळ्यावर ताल धरणं. ज्ञानाचा काही भाग पिढीजात, अंगातूनच पुढे जातो, त्यामुळे 'शिकलेला' आणि 'जन्माने जाणता' यांतली रेघ पुसट होते. यंत्रांच्या जागी मुंग्यांची वारुळं: गंध देऊन राबवलेली, हिशेब करणारी. नर दुय्यम, मादीच्या समोर जपून नाचणारा, कारण चुकला तर तिचं जेवण होतो.

एक व्यावहारिक सूचना. पोर्शिया, बियांका, फेबियन ही नावं प्रत्येक पिढीत पुन्हा येतात, पण पात्रं वेगळी असतात. हे लक्षात न आल्याने मी शंभरेक पानं 'ही अजून जिवंत कशी' असं म्हणत वाचली. पिढी बदलली की वहीत आडवी रेघ मारा.

समासातली 'सोय' इथे ठळक आहे: कोळ्यांची प्रकरणं आपल्याला ओळखीच्या शब्दांत सांगितली आहेत. शहर, देऊळ, प्रयोगशाळा, चळवळ. फेबियनचा नरांच्या हक्कांचा लढा तर माणसांच्या इतिहासातून उचलून ठेवल्यासारखा वाटतो. पण पहिल्या कादंबरीला अशी सोय हवीच. पोहायला शिकताना कठड्याला धरतो तशी.

'तो एक की अनेक' हा प्रश्न मुरवायचा असेल तर व्हर्नर विंजची 'अ फायर अपॉन द डीप' (१९९२). त्यातले टाइन्स कुत्र्यासारखे दिसतात. एकटा टाइन जवळपास निर्बुद्ध. चार-सहा जण जवळ आले, ऐकू न येणाऱ्या उंच आवाजात त्यांची देवाणघेवाण सुरू झाली, की त्या कळपाचं मिळून एक मन तयार होतं, एक नाव, एक 'मी'. या एका कल्पनेतून विंजने जे ओढून काढलंय ते बघण्यासारखं आहे. दोन कळप फार जवळ आले तर विचारांची सरमिसळ होते, म्हणून सभ्य टाइन एकमेकांपासून लांब बसतात. गळाभेट हा प्रकारच नाही. गर्दी म्हणजे वेड. (सकाळची आठ-चाळीसची लोकल त्यांनी बघितली असती तर आपल्याबद्दल काय समजले असते कोण जाणे.) आणि मरण? पेरेग्रिन विकव्रॅकरम हे एका कळपाचं नाव, सदस्यांच्या नावांचे तुकडे जोडून झालेलं. सदस्य बदलतो तेव्हा नावाचं शेपूट बदलतं आणि स्वभावही थोडा बदलतो. 'तो मेला का' या प्रश्नाला 'थोडासा' हे खरं उत्तर असू शकतं. या कादंबरीत अंतराळातल्या पाठलागाचं दुसरं कथानकही आहे, ते मला लांबलेलं वाटतं. टाइन्सची प्रकरणं सावकाश, बाकीची भराभर.

वेगाच्या प्रश्नासाठी फ्रेड हॉयलची 'द ब्लॅक क्लाउड' (१९५७). हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. जयंत नारळीकरांनी केंब्रिजमध्ये ज्यांच्या हाताखाली संशोधन केलं तेच हे हॉयल. नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, नारायण विनायक जगताप या नावाने. शास्त्रज्ञाने विज्ञानकथा लिहिण्यात कमीपणा नाही, हे उदाहरण त्यांच्या गुरूच्या रूपाने समोरच होतं.

हॉयलच्या कादंबरीत वायूचा एक प्रचंड ढग सूर्यमालेत येऊन सूर्य झाकतो. काही काळाने लक्षात येतं की तो विचार करतोय. ढगाला आश्चर्य वाटतं ते ग्रहावर बुद्धी असण्याचंच: इतक्या गुरुत्वाकर्षणात, इतक्या लहान देहांत मेंदू वाढणार तरी कुठे? उजव्या रकान्यात हे वाक्य जरूर घ्या, कारण इथे उजवा रकाना ढगाचा आहे. तो आपल्याबद्दल अर्थ लावतोय. पुढे ढग आपली विचारपद्धत माणसाच्या मेंदूत उतरवून बघतो. आधी एक शास्त्रज्ञ मरतो, मग नायक क्रिस किंग्जलीही. नवं ज्ञान जुन्या ज्ञानाशी भिडतं आणि मेंदूला ते झेपत नाही. डोक्यात आधीची गर्दी नसलेल्या माळ्यावर हा प्रयोग कदाचित निभावला असता, अशी एक बोचरी शक्यता मागे राहते. 'सोय' मात्र मोठी आहे: ढग भराभर इंग्रजी शिकतो आणि केंब्रिजच्या प्राध्यापकासारखा बोलतो. हॉयलला संवादाची घाई होती.

तिसरी पायरी: 'सोलारिस', पण कोणती?

इथे थांबा, आणि विकत घेण्याआधी पुढचा परिच्छेद वाचा.

स्तानिस्लाव लेमने ही कादंबरी १९६१ साली पोलिश भाषेत प्रसिद्ध केली. १९७० साली आलेला इंग्रजी अनुवाद पोलिशवरून झालेला नाही, फ्रेंच अनुवादावरून झाला आहे. लेमला स्वतःला इंग्रजी वाचता यायचं आणि हा अनुवाद त्याला पसंत नव्हता. दुकानात छापील प्रत मिळते ती बहुधा हीच. ओळखायची सोपी खूण: नायिकेचं नाव रिया असेल आणि शास्त्रज्ञाचं स्नो, तर ती फ्रेंचमार्गे आलेली. मूळ नावं हारे आणि स्नाउट. बिल जॉन्स्टन यांचा थेट पोलिशवरून केलेला अनुवाद २०११ साली आला, तो ई-बुक आणि ऑडिओबुक स्वरूपात. जमलं तर तोच घ्या. जुनी प्रत हातात असेल तरी वाचायला हरकत नाही, फक्त एखादं वाक्य खडबडीत लागलं तर दोष लेमला देऊ नका.

आता वही. कादंबरी सोलारिस ग्रहाबद्दल आहे. तो दोन सूर्यांभोवती फिरतो, एक तांबडा, एक निळा. दोन सूर्यांच्या ओढाताणीत ग्रहाची कक्षा टिकायला नको, पण ती टिकली आहे. ग्रहावर पसरलेला एक चिकट समुद्र ती सांभाळतो. डाव्या रकान्यात एवढंच: 'कक्षा स्थिर राहते.' उजवीकडे गर्दी होते. जीवशास्त्रज्ञांच्या मते तो एक आदिम जीव, भौतिकशास्त्रज्ञांच्या मते यंत्रासारखी काहीतरी रचना, आणि वाद घालता घालता 'सोलारिस्टिक्स' नावाची आख्खी विद्याशाखा उभी राहते. तिला सुवर्णकाळ येतो, मग ओहोटी, मग हौशी लोकांचा सुळसुळाट. मी ज्या ग्रंथालयात दोनदा अडकलो ते हेच. रकाने आखल्यावर लक्षात आलं की डावीकडे पाच ओळी आहेत आणि उजवीकडे तीन पानं. लेमचा विनोद तिथे आहे, आणि तो विद्यापीठात थोडे दिवस काढलेल्या कुणालाही टोचेल.

समुद्र पृष्ठभागावर प्रचंड आकार उभे करतो आणि मोडतो. शास्त्रज्ञांनी त्यांना नावं दिली: मिमॉइड, सिमेट्रियाड, असिमेट्रियाड. ही नावं पाठ करू नका. नाव देणं म्हणजे कळणं नव्हे, हेच दाखवायला ती आहेत. मात्र बर्टन या वैमानिकाचा अहवाल दोनदा वाचा. हरवलेल्या सहकाऱ्याला शोधताना त्याला समुद्रात एक अवाढव्य तान्हं मूल दिसतं. भयानक वाटतात त्या त्याच्या हालचाली: हात, चेहरा, डोळे वेगवेगळे हलतात, जणू कुणीतरी कोणता भाग काय करतो ते आजमावून बघतंय. चौकशी समिती शेरा मारते: भास. एकच शास्त्रज्ञ म्हणतो, समुद्राने हे हरवलेल्या माणसाच्या मेंदूतून उचललं असेल. एक घटना, दोन अर्थ.

मग नायक केल्विन ग्रहावरच्या स्थानकावर येतो. शास्त्रज्ञांनी समुद्रावर तीव्र क्ष-किरणांचा मारा केला, त्यानंतर 'पाहुणे' दिसू लागले. हा क्रम नोंदवा, पुढे उपयोगी पडतो. केल्विनकडे येते हारे, काही वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली त्याची बायको. दंडावर सुईची खूण तशीच. पण तळपाय? तान्ह्या मुलासारखे मऊ, कधी जमिनीवर न टेकलेले. आणि कपड्याचा प्रसंग, माझ्या मते कादंबरीतला सगळ्यात महत्त्वाचा. अंगावरचा झगा उतरवायचा म्हटलं तर उतरत नाही. समोर बटणं आहेत, पण ती नुसती शोभेची. चेन नाही, हूक नाही, उघडायला जागाच नाही. शेवटी कात्रीने कापावा लागतो.

या झग्यावर दहा मिनिटं घालवा. समुद्राने झगा बनवलेला नाही. केल्विनच्या आठवणीतला झगा बनवला आहे. आठवणीत झगा दिसतो, पण तो घालायचा-काढायचा कसा हे चित्रात नसतं, म्हणून ते इथेही नाही. जो जीव माणसाच्या मनातली सगळ्यात खोल ठसठस जशीच्या तशी उचलतो त्याला बटण कशासाठी असतं हे ठाऊक नाही. मग ते दुःख कशासाठी असतं हे तरी त्याला ठाऊक असेल का? पहिल्या हारेला केल्विन अग्निबाणात बंद करून पाठवून देतो. दुसरी येते, आणि खोलीत तसेच कापलेले दोन झगे पडलेले राहतात. कुणी म्हणतं छळ, कुणी म्हणतं प्रयोग, स्नाउटला एकदा वाटतं की ही कदाचित भेट असेल. उजवा रकाना भरतच राहतो.

हारेला स्वतःलाही आपण कोण ते माहीत नसतं, आणि ते कळत गेल्यावर ती जे करते ते वहीत नको. वही बंद करून वाचा.

रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीचा यावरचा १९७२ सालचा चित्रपट नंतर बघा. त्याची सुरुवात पृथ्वीवरच्या घरापासून होते. कादंबरी थेट अवकाशातून सुरू होते, घर वगैरे काही दाखवत नाही. दिग्दर्शकाला माणसाच्या अपराधी मनात रस होता, लेमला समुद्रात. यावरून दोघांचं फाटलं, आणि माझं मत लेमच्या बाजूने.

चौथी पायरी: एलियन नसलेली कादंबरी

अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या भावांची 'रोडसाइड पिकनिक' (१९७२) छोटी आहे. ओलेना बोर्माशेंको यांचा २०१२ सालचा इंग्रजी अनुवाद घ्या. इथे एलियन येऊन गेलेले आहेत. कुणी त्यांना बघितलं नाही. मागे राहिलेल्या 'झोन'मध्ये जीवघेण्या वस्तू पडल्या आहेत आणि रेड शुहार्टसारखे 'स्टॉकर' रात्री शिरून त्या चोरून आणतात.

वहीची पद्धत इथे उलटी करा. डावा रकाना वस्तूंचा, उजवा त्यांच्या वापराचा. उदाहरणार्थ, बशीएवढ्या तांब्याच्या दोन चकत्या, मधे काहीच नाही, तरी त्या एकमेकींच्या जवळही येत नाहीत आणि लांबही जात नाहीत. मधली जागा हाताने चाचपता येते, धरायला काही मिळत नाही. काही वस्तूंवर माणसं गाड्या चालवतात. काय आहे ते ठाऊक नाही, चालतंय ना मग झालं. व्हॅलेंटाइन पिल्मन हा शास्त्रज्ञ याला सूक्ष्मदर्शकाने खिळे ठोकणं म्हणतो. पुस्तकाचं नावही त्याच्याच एका चित्रावरून: रस्त्याकडेला काही लोक सहलीला थांबले, खाल्लं-प्यायलं, निघून गेले. मागे तेलाचे डाग, डबे, कागद. गवतातल्या मुंग्या आणि पाखरं त्यांकडे बघताहेत. पावसाळ्यात लोणावळ्याहून परतताना रस्त्याकडेला काय पडलेलं असतं ते आठवा, म्हणजे चित्र स्पष्ट होईल.

पाचवी पायरी: आरसा घेऊन 'ब्लाइंडसाइट'

पीटर वॉट्स हा सागरी जीवशास्त्र शिकलेला कॅनडाचा लेखक. 'ब्लाइंडसाइट' (२००६) त्याने स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवली आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली. त्यामुळे पैसे वाया जायची भीती नाही. डोकं मात्र शिणतं. वाक्यं तुटक आहेत, शास्त्रीय शब्द न समजावता फेकलेले आहेत, आणि कथा सांगणारा सिरी कीटन हा लहानपणी अर्धा मेंदू काढून टाकलेला माणूस आहे. पहिली पन्नास पानं कळली नाहीत तरी पुढे चला.

सुरू करण्यापूर्वी बाथरूमच्या आरशासमोर उभे राहा. डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. डोळे हलतात हे नक्की, पण हलताना ते तुम्हाला कधीच दिसत नाहीत. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात बघा, तिथे दिसतात, कारण पडद्यावर चित्र किंचित उशिरा येतं. नजर एका बिंदूवरून दुसऱ्यावर उडी मारते तेवढ्या क्षणापुरता मेंदू चित्र गाळून टाकतो. दिवसातून हजारो वेळा आपण असे आंधळे असतो आणि त्याचा पत्ताही नसतो. आता पुस्तकात स्क्रॅम्बलर नावाचे जीव कसे लपतात ते वाचा: माणसाच्या डोळ्यांच्या या उड्या टिपून, नेमक्या त्या फटीत हालचाल करून. आरशाचा प्रयोग केलेल्याला ते पान वाचताना मानेवर काटा येतो.

दुसरी जागा म्हणजे रोर्शाक या परक्या यानाशी झालेलं संभाषण. ते सफाईदार इंग्रजीत बोलतं, विनोद करतं, धमक्या देतं. भाषातज्ज्ञ बऱ्याच वेळाने या निष्कर्षाला येते की समोरच्याला यातलं काहीच कळत नाहीये, आणि खात्री करायला ती चक्क शिवी हासडते. यामागे जॉन सर्ल या तत्त्वज्ञाने १९८० साली मांडलेली 'चायनीज रूम' आहे: बंद खोलीतला माणूस नियमांचं पुस्तक बघून चिनी चिठ्ठ्यांना बिनचूक चिनी उत्तरं देतो, आणि त्याला चिनीचं एक अक्षरही येत नाही. रोज चॅटबॉटशी बोलणाऱ्या आजच्या वाचकाला हे संभाषण २००६ सालच्या वाचकापेक्षा फार वेगळं लागेल.

सावध राहायची एक जागा. जाणीव नसलेली बुद्धी जाणिवेच्या बुद्धीला मागे टाकू शकते, हे वॉट्सचं गृहीतक आहे. शेवटी शास्त्रीय टिपा जोडल्यामुळे ते सिद्ध झालेलं विज्ञान वाटू लागतं. तसं ते नाही. तो जोरदार मांडलेला एक पक्ष आहे. उजव्या रकान्यात लेखकाचंही नाव घाला.

अडलं तर, आणि सोबत कुणी असेल तर

भाषेची आवड असलेल्यांनी यानंतर चायना मिएव्हिलची 'एम्बसीटाउन' (२०११) घ्यावी. त्यातले एरिएकी दोन तोंडांनी एकाच वेळी दोन शब्द उच्चारतात आणि त्यांना खोटं बोलता येत नाही. जे घडलेलंच नाही ते बोलता येत नाही, म्हणून उपमा हवी असेल तर आधी ती प्रत्यक्ष घडवून आणावी लागते. कथा सांगणारी एव्हिस ही लहानपणी अशीच एक जिवंत उपमा झालेली आहे. बनवलेले शब्द पुष्कळ आहेत, शब्दकोश उघडू नका, सापडायचे नाहीत. शंभर पानांनंतर ते आपोआप बसतात.

दोन-तीन मित्र एकत्र वाचत असाल तर उजवा रकाना वाटून घ्या. एकाने फक्त जीवशास्त्रज्ञाच्या नजरेने लिहायचं, दुसऱ्याने सुरक्षा अधिकाऱ्याच्या, तिसऱ्याने भाषांतरकाराच्या. भेटल्यावर आधी डावे रकाने ताडून बघा. आमच्यात पहिल्याच बैठकीत असं निघालं की 'घडलं ते' म्हणून तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी लिहिल्या होत्या, आणि पाहुण्यांवर चर्चा सुरू व्हायच्या आधीच दोन कप चहा संपला.

अडखळलात तर पुस्तक बदला, वही बदलू नका. 'सोलारिस' सुटली तर 'रोडसाइड पिकनिक' आधी घ्या. 'ब्लाइंडसाइट' झेपली नाही तर पुन्हा कोळ्यांकडे जा. दोन पुस्तकांमध्ये पंधरा दिवस तरी जाऊ द्या, नाहीतर सगळे एलियन एकमेकांत मिसळतात.

आणि सगळं झाल्यावर 'सोलारिस'चं शेवटचं प्रकरण पुन्हा काढा. केल्विन एका जुन्या मिमॉइडवर उतरतो, काठाशी बसतो आणि लाटेपुढे हात धरतो. लाट थबकते, मागे सरते, मग हाताभोवती वेढा घालते, पण स्पर्श करत नाही. हात आणि समुद्र यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहतो. केल्विन हात उचलतो, लाटही त्याच्याबरोबर वर येते. हे काही वेळा होतं. मग समुद्राचं लक्ष उडाल्यासारखं होतं आणि लाट पुन्हा येत नाही. डाव्या रकान्यात माझ्याकडे यावर चार ओळी आहेत, शिसपेन्सिलीने, दोनदा खोडून लिहिलेल्या. उजवीकडे फक्त तारीख.